उपयुक्ततेकडून ऐश्वर्याकडे : ‘रेंज रोव्हर’ मोटारीच्या अभियांत्रिकीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोध आणि शोधक यांच्या अंगाने लिहिला जातो. कोणते यंत्र कोणी, केव्हा घडवले, याची नोंद त्यात सविस्तर सापडते. ते यंत्र समाजाने कोणत्या कारणासाठी स्वीकारले, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. निर्मात्याचा हेतू आणि वापरणाऱ्याचा हेतू यांत अंतर पडले, म्हणजे यंत्राच्या रचनेवर त्याचा परिणाम होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोटार उद्योगात याचे ठळक उदाहरण म्हणून इंग्लंडमधील ‘रेंज रोव्हर’ या मोटारीकडे पाहता येते.

जून १९७० मध्ये ही मोटार बाजारात आली, तेव्हा तिच्या आतील जमिनीवर गालिचा नव्हता. होते ते पाण्याने धुता येईल असे आच्छादन. बैठकींना चामडे नव्हते आणि डॅशबोर्ड साध्या प्लॅस्टिकचा होता. तरीही पुढील तीन दशकांत हीच मोटार ‘आलिशान एसयूव्ही’ या संपूर्ण वर्गाचे मानचिन्ह ठरली. २००८ मध्ये तिची मालकी टाटा मोटर्स या भारतीय कंपनीकडे आली आणि २०२४ मध्ये पुण्यात तिची जुळणी करण्याची घोषणा झाली. शेतकऱ्याच्या गाडीच्या वंशात जन्मलेले वाहन ऐश्वर्याचे प्रतीक कसे बनले, या प्रश्नाचे उत्तर केवळ जाहिरातीत किंवा अभिरुचीत शोधणे अपुरे ठरते. त्या उत्तराचा मोठा भाग तिच्या अभियांत्रिकीत दडलेला आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) रेंज रोव्हरच्या निर्मितीमागील तांत्रिक व आर्थिक परिस्थितीचा आढावा घेणे.
२) खडतर मार्गावरील क्षमता आणि प्रवासातील सुखसोय यांचा अभियांत्रिकीच्या पातळीवरील परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३) १९७० नंतर या दोन गुणांच्या नात्यात झालेल्या बदलाचे स्वरूप तपासणे.
४) या स्थित्यंतराशी असलेला भारताचा, विशेषतः पुण्याचा, संबंध नोंदवणे.

पूर्वपीठिका : टंचाईतून जन्मलेली लँड रोव्हर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये पोलाद नियंत्रित होते आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांनाच ते प्राधान्याने मिळत असे. रोव्हर कंपनी तोवर मध्यमवर्गीय, प्रतिष्ठित ग्राहकांसाठी मोटारी बनवत होती. सॉलिहल येथील तिच्या मोठ्या कारखान्यापुढे आता काम काय काढावे, हा प्रश्न होता. कंपनीचे तांत्रिक प्रमुख मॉरिस विल्क्स हे वेल्समधील अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर युद्धातून उरलेली एक विलीस जीप वापरत असत. त्या जीपला इंग्रजी पर्याय नाही, या जाणिवेतून १९४७ मध्ये नव्या वाहनाचा नमुना तयार झाला आणि ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली.

तिच्या बाह्यांगासाठी अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू वापरले गेले. गाडी हलकी व्हावी हा त्यामागील मुख्य विचार नव्हता. पोलाद मिळत नव्हते आणि अ‍ॅल्युमिनियम मिळत होते, हे खरे कारण होते. पत्रे शक्य तितके सपाट ठेवले गेले, कारण त्यांना आकार देण्यासाठी महागडे साचे करावे लागू नयेत. गंजाला दाद न देणारी, दुरुस्तीला सोपी आणि शेतातील यंत्रांनाही शक्ती पुरवणारी ही गाडी तात्पुरता उपाय म्हणून योजली गेली होती. प्रत्यक्षात अल्पावधीतच तिची विक्री कंपनीच्या नेहमीच्या मोटारींपेक्षा अधिक होऊ लागली.

मात्र लँड रोव्हरमधील प्रवास सुखाचा नव्हता. तिला जीपप्रमाणेच पाट्यांच्या स्प्रिंग होत्या. भार पेलता यावा म्हणून हे पाटे ताठ ठेवावे लागत. परिणामी सपाट रस्त्यावर हादरे बसत, तर उंचसखल जमिनीवर चाक सहज खाली उतरत नसे व अधांतरी राही. जमिनीपासून सुटलेले चाक गाडीला पुढे ढकलू शकत नाही. म्हणजेच गैरसोय आणि अक्षमता यांचे मूळ एकच होते. हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे.

१९५० च्या दशकात कंपनीने ‘रोड रोव्हर’ या नावाने मोटार आणि लँड रोव्हर यांच्यामधील एक वाहन तयार करण्याचा प्रयत्न केला; परंतु ते उत्पादनापर्यंत पोहोचले नाही. दरम्यान अमेरिकेत १९६३ मध्ये जीप वॅगोनियर आली. तिच्यात फोर-व्हील ड्राइव्हबरोबर स्वयंचलित गिअरबॉक्सचीही सोय होती. फोर्डच्या ब्रॉन्कोनेही त्याच दशकात आपला ग्राहकवर्ग निर्माण केला. सुट्टीत डोंगरात किंवा समुद्रकिनारी जाणारा आणि एरवी तीच गाडी गावात वापरणारा नवा ग्राहक उदयाला आला होता. रोव्हरने या बदलाची दखल घेतली.

नव्या रचनेचा गाभा

१९६६ च्या सुमारास ‘शंभर इंची स्टेशन वॅगन’ या नावाने नव्या प्रकल्पावर काम सुरू झाले. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर शंभर इंच, म्हणजे २५४ सेंटिमीटर, असल्याने हे नाव पडले. प्रकल्पाचे नेतृत्व चार्ल्स स्पेन्सर किंग यांच्याकडे होते आणि गॉर्डन बॅशफोर्ड हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. विल्क्स बंधूंचे भाचे असलेले किंग त्यापूर्वी रोव्हरच्या गॅस टर्बाइन मोटारीच्या प्रयोगांत सहभागी होते. मोटारीच्या चालीचा त्यांनी बारकाईने विचार केलेला होता. त्यांच्या रचनेत पुढील चार निर्णय निर्णायक ठरले.

पहिला निर्णय स्प्रिंगचा होता. किंग यांनी पाटे बाजूला सारून चारही चाकांना लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंग दिल्या. अ‍ॅक्सल मात्र दोन्ही बाजूंची चाके जोडणारे, अखंडच ठेवले. यामुळे एक चाक दगडावर चढले की त्याच अ‍ॅक्सलचे दुसरे चाक खाली दाबले जाई व जमिनीला धरून राही. खडतर मार्गावरील पकड वाढवण्यासाठी योजलेली ही मऊ, लांब हालचालच डांबरी रस्त्यावर हादरे शोषून घेऊ लागली. मऊ स्प्रिंगमध्ये एक उणीव होती : मागे भार ठेवला की गाडी बसत असे. त्यावर उपाय म्हणून मागच्या अ‍ॅक्सलवर बोगे कंपनीचे, गाडीच्या हालचालीतूनच दाब निर्माण करून उंची पूर्ववत आणणारे उपकरण बसवण्यात आले.

दुसरा निर्णय इंजिनाचा होता. अमेरिकेतील ब्युइक कंपनीने १९६० च्या दशकारंभी अ‍ॅल्युमिनियमचे आठ सिलिंडरांचे हलके इंजिन काढले होते. ते ओतण्याची प्रक्रिया खर्चिक व अडचणीची ठरल्याने १९६३ नंतर ते बंद करण्यात आले. रोव्हरचे व्यवस्थापकीय संचालक विल्यम मार्टिन-हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडला आले. अमेरिकेने टाकून दिलेले ३,५२८ घनसेंटिमीटर क्षमतेचे हे इंजिन प्रथम १९६७ मध्ये रोव्हरच्या मोठ्या मोटारीत बसवले गेले आणि पुढे रेंज रोव्हरचे हृदय बनले. सुमारे १३५ अश्वशक्तीच्या या इंजिनामुळे गाडी ताशी १५० किलोमीटरहून अधिक वेग गाठू शके. त्या काळी फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाच्या बाबतीत हा वेग असामान्य होता. कमी वेगातही भरपूर ओढ देण्याचा त्याचा गुण चिखलात जितका उपयोगी पडे, तितकाच महामार्गावर सुखद वाटे.

तिसरा निर्णय चारही चाकांना कायम शक्ती देण्याचा होता. जीप किंवा लँड रोव्हरमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह गरजेपुरतीच वापरली जाई. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. कठीण रस्त्यावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी घट्ट जोडलेले असल्यास यंत्रणेत ताण साठतो. किंग यांनी दोहोंमध्ये तिसरे डिफरन्शियल ठेवून ही अडचण दूर केली. एखादे चाक घसरू लागल्यास हे मधले डिफरन्शियल चालकाला बंद करता येई. या निवडीमागे काटकसरीचा हिशेबही होता. नव्या इंजिनाची सारी शक्ती एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर टाकायची, तर तो अवजड करावा लागला असता. शक्ती दोहोंत विभागल्याने अ‍ॅक्सल हलके ठेवता आले आणि हलक्या अ‍ॅक्सलमुळे चाल आणखी सुधारली.

चौथा निर्णय ब्रेकचा होता. चारही चाकांना डिस्क ब्रेक देण्यात आले. पाण्यातून बाहेर पडल्यावर डिस्क लवकर कोरडी होते, हा त्याचा खडतर मार्गावरील लाभ. आणि मोठ्या वेगावरून गाडी खात्रीने थांबते, हा रस्त्यावरील लाभ.

या चारही निर्णयांत एक समान सूत्र दिसते. प्रत्येक निर्णय दुहेरी फळ देणारा होता. क्षमतेसाठी सुखसोयीचा त्याग करावा लागला नाही आणि सुखसोयीसाठी क्षमतेचाही नाही. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये ‘आलिशान’ काय होते, असे विचारल्यास त्याचे उत्तर तिच्या चालीकडे बोट दाखवूनच द्यावे लागते.

बाह्यरूपाबाबतही हेच घडले. किंग आणि बॅशफोर्ड यांनी चाचणीच्या नमुन्यासाठी जो साधा, चौकोनी आकार ठरवला होता, तोच मुख्य आरेखक डेव्हिड बाश यांनी थोडा घोटीव करून कायम ठेवला. उंच बैठक, मोठ्या काचा आणि बॉनेटचे दोन्ही कोपरे चालकाला दिसावेत अशी मांडणी, या गोष्टी अरुंद पायवाटेवर गाडी नेण्यासाठी होत्या. पॅरिसमधील लूव्र संग्रहालयात औद्योगिक आरेखनाचा नमुना म्हणून ही मोटार मांडली गेली, तेव्हा उपयुक्ततेसाठी काढलेल्या रेषांना सौंदर्याची मान्यता मिळाली.

क्षमतेची कसोटी

सुरुवातीची किंमत सुमारे दोन हजार पौंड होती. लँड रोव्हरच्या तुलनेत ती जास्त होती. तथापि केवळ अतिश्रीमंतांनाच परवडेल अशी नव्हती. पोलीस दले, रुग्णवाहिका सेवा, शेतमालक आणि घोड्यांची वाहने ओढणारे हौशी लोक हे तिचे आरंभीचे ग्राहक होते.

तिच्या क्षमतेची सर्वांत कठोर परीक्षा १९७१-७२ मध्ये झाली. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी जॉन ब्लॅशफोर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेने दोन रेंज रोव्हर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या. पनामा आणि कोलंबिया यांच्यामधील डॅरिएन या रस्ताविहीन दलदलीच्या जंगलातून पार होण्यास सुमारे शंभर दिवस लागले. नद्या ओलांडण्यासाठी हवा भरलेल्या तराफ्यांचा वापर करावा लागला. या प्रवासात गाड्यांची डिफरन्शियल निकामी झाली. जादा भार आणि दलदलीसाठी बसवलेले मोठे टायर यांचा एकत्रित ताण हलक्या ठेवलेल्या यंत्रणेला सोसला नाही. रस्त्यावरील सुखद चालीसाठी केलेल्या काटकसरीला कोठेतरी मर्यादा असणारच, हे या घटनेतून दिसून आले. दुरुस्तीनंतर दोन्ही गाड्यांनी मोहीम पूर्ण केली. पुढे १९८१ मध्ये रेने मेत्झ आणि बर्नार जिरू यांनी रेंज रोव्हर चालवून पॅरिस-डाकार शर्यत जिंकली.

भांडवलाची चणचण आणि ऐश्वर्याचा प्रवेश

रोव्हर कंपनी १९६७ मध्ये लेलँड समूहात सामील झाली आणि १९६८ मध्ये त्यातून ब्रिटिश लेलँड ही अवाढव्य संस्था उभी राहिली. आर्थिक संकटामुळे १९७५ मध्ये ती सरकारी मालकीची झाली. रेंज रोव्हरला मागणी होती. परंतु तिच्या विकासासाठी पैसा उपलब्ध होत नव्हता. याचा परिणाम असा की, चार दरवाज्यांची रेंज रोव्हर येण्यास १९८१ साल उजाडावे लागले. तोवर स्वित्झर्लंडमधील मॉन्टेवर्दी कंपनीने स्वतःच चार दरवाज्यांचे रूपांतर करून ते विकण्यास सुरुवात केली होती. स्वयंचलित गिअरबॉक्स १९८२ मध्ये, तर इंधन-अंतःक्षेपण १९८५ मध्ये आले.

रेंज रोव्हरच्या इतिहासातील हा कालखंड विशेष अभ्यासनीय आहे. मूळ आराखडा बदलण्याइतका पैसा नसल्यामुळे कंपनीने ज्यात कमी खर्च येतो, त्या गोष्टी बदलल्या. चामड्याच्या बैठकी, लाकडी सजावट, गालिचे, वातानुकूलन आणि रंगसंगती या मार्गाने गाडी वरच्या श्रेणीत सरकत गेली. १९८१ मध्ये ‘व्होग’ या फॅशनविषयक नियतकालिकाच्या छायाचित्रणासाठी सजवलेल्या गाडीवरून मर्यादित आवृत्ती निघाली आणि पुढे ते नाव या मोटारीला कायमचे चिकटले. १९८७ मध्ये अमेरिकेत विक्री सुरू झाली, तेव्हा तिची ओळख श्रीमंतांचे वाहन हीच होती. १९८९ मध्ये त्याच चासीवर आधारलेली डिस्कव्हरी बाजारात आली. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाची गरज तिने भागवल्यामुळे रेंज रोव्हरला आणखी महाग होण्यास मोकळीक मिळाली.

म्हणजेच ऐश्वर्याचा प्रवेश दोन टप्प्यांत झाला. पहिला टप्पा चालीतील सुखाचा. तो १९७० मध्येच रचनेतून साधला गेला. दुसरा टप्पा सजावटीचा. तो भांडवलाच्या टंचाईतून आला. लँड रोव्हरला अ‍ॅल्युमिनियम देणारी टंचाई एका प्रकारची होती, तर रेंज रोव्हरला चामडे व लाकूड देणारी टंचाई दुसऱ्या प्रकारची.

मूळ रचनेची पुरेपूर परिपक्व अवस्था १९९२ च्या सुमारास दिसते. चालकाला मधले डिफरन्शियल स्वतः बंद करावे लागू नये, यासाठी चिकट द्रवावर चालणारी जोडणी त्याआधीच आली होती. ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणाही बसवण्यात आली होती. १९९२ मध्ये कॉइल स्प्रिंगची जागा हवेच्या दाबावर चालणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या सस्पेन्शनने घेतली. ही गाडी महामार्गावर आपोआप खाली बसे, दगडधोंड्यांत वर उचलली जाई आणि प्रवासी चढताना आणखी खाली झुके. एकाच यंत्रणेतून क्षमता व सुखसोय साधण्याचे मूळ सूत्र येथेही कायम होते. पहिल्या पिढीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तेव्हा सव्वीस वर्षांत तीन लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

यांत्रिक क्षमतेकडून संगणकीय क्षमतेकडे

१९९४ मध्ये दुसरी पिढी आली. त्याच वर्षी रोव्हर समूहाची मालकी ब्रिटिश एरोस्पेसकडून जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडे गेली. आता स्पर्धाही बदलली होती. १९९७ मधील मर्सिडीज एम-क्लास, १९९९ मधील बीएमडब्ल्यू एक्स-५ आणि २००२ मधील पोर्शे कायेन या गाड्यांचे मुख्य लक्ष्य उत्तम रस्ता हे होते. खडतर मार्ग त्यांच्या बाबतीत दुय्यम होता.

बीएमडब्ल्यूच्या काळात विकसित झालेली आणि २००१-०२ मध्ये बाजारात आलेली तिसरी पिढी ही खरी विभाजनरेषा ठरते. तिच्यात वेगळी चासी राहिली नाही. सांगाडा आणि बाह्यांग एकजीव झाले. अखंड अ‍ॅक्सल जाऊन प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलू लागले. रस्त्यावरील स्थैर्य यामुळे वाढले. परंतु एक चाक वर गेले की दुसरे खाली दाबले जाण्याचा अखंड अ‍ॅक्सलचा नैसर्गिक गुण नाहीसा झाला. तो गुण परत मिळवण्यासाठी डाव्या आणि उजव्या बाजूच्या हवेच्या स्प्रिंग झडपांद्वारे एकमेकींशी जोडण्यात आल्या. एकेकाळी साध्या लोखंडी दांड्याने होणारे काम आता झडपा आणि संगणक करू लागले.

पुढील टप्प्यात चालकाचे कौशल्यही संगणकात उतरले. बर्फ, चिखल, वाळू आणि खडक यांपैकी जमीन कोणती, एवढे चालकाने सांगितले की इंजिन, गिअरबॉक्स, गाडीची उंची आणि डिफरन्शियल यांचे वर्तन त्यानुसार बदलणारी ‘टेरेन रिस्पॉन्स’ प्रणाली २००४ मध्ये डिस्कव्हरीत आली व नंतर रेंज रोव्हरमध्येही बसवण्यात आली. २०१२ च्या चौथ्या पिढीत जमिनीचा प्रकार ओळखण्याचे कामही गाडीने स्वतःकडे घेतले.

या काळात वजनाचा प्रश्न मात्र गंभीर झाला. १९७० मधील गाडी सुमारे १.७ टनांची होती. तिसऱ्या पिढीचे वजन अडीच टनांच्या आसपास पोहोचले. २०१२ मध्ये संपूर्ण सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा करून व तो रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडून, आधीच्या गाडीच्या तुलनेत कमाल ४२० किलो वजन कमी केल्याचे कंपनीने जाहीर केले. १९४८ मध्ये नाइलाजाने स्वीकारलेला धातू साठ वर्षांनंतर सर्वांत महागड्या मोटारीचा तांत्रिक अभिमान बनला. तथापि २०२१ मध्ये सादर झालेल्या पाचव्या पिढीत वजन पुन्हा अडीच टनांकडे सरकले. तिच्या आठ सिलिंडरी आवृत्तीची शक्ती ५३० अश्वशक्ती आहे आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग ती सुमारे ४.६ सेकंदांत गाठते. मागची चाकेही वळत असल्याने ही लांब गाडी अरुंद जागेत फिरू शकते. ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची तिची क्षमता कायम आहे.

भारतीय संदर्भ

२००० मध्ये बीएमडब्ल्यूने लँड रोव्हर फोर्ड कंपनीला विकली आणि जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार व लँड रोव्हर या दोन्ही नाममुद्रा फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना घेतल्या. त्यानंतर लगेचच जागतिक मंदीचा फटका बसला. परंतु पुढील काही वर्षांत हा व्यवसाय सावरला. २०११ मध्ये पुण्यात फ्रीलँडर या लहान गाडीची सुट्या भागांपासून जुळणी सुरू झाली. मे २०२४ मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जुळणीही पुण्यात करण्याचे जाहीर झाले.  आयातशुल्कातील फरकामुळे त्यांची किंमत बरीच खाली आली. तरी लांब आवृत्तीची घोषित किंमत २ कोटी ३६ लाख रुपये होती.

सर्वसामान्य भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने याहून अर्थपूर्ण घटना २०१९ मध्ये घडली. टाटा मोटर्सच्या पुण्यात तयार होणाऱ्या हॅरिअरचा पाया लँड रोव्हरच्या डी-८ या सांगाड्यापासून विकसित करण्यात आला. मात्र बाजारात येताना हॅरिअरमध्ये फक्त पुढच्या चाकांना शक्ती मिळत होती. ज्या परंपरेचे वैशिष्ट्य चारही चाकांची कायम शक्ती हे होते, तिचा भारतीय अवतार त्या वैशिष्ट्याविनाच आला आणि ग्राहकांनी तो स्वीकारला. उंच बैठक, भक्कम सांगाडा आणि खडबडीत रस्त्यावरील स्थिर चाल एवढेच बहुसंख्य कुटुंबांना पुरेसे होते, असा याचा अर्थ लावता येतो.

वापरात नसलेल्या क्षमतेचा प्रश्न

येथे एका मूलभूत प्रश्नाचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकणारी गाडी विकत घेणारे बहुतेक ग्राहक तिला शहराबाहेरील सोप्या रस्त्यापलीकडे नेत नाहीत. मग ही क्षमता कशासाठी? एक उत्तर असे की, न वापरलेली क्षमता हीच ऐश्वर्याची व्याख्या आहे. ज्याची गरज नाही ते बाळगण्याची ऐपत म्हणजे प्रतिष्ठा. दुसरे उत्तर असे की, क्षमतेसाठी केलेली अभियांत्रिकी रोजच्या प्रवासातही जाणवते आणि ग्राहक त्या जाणिवेचे मोल देतो. १९७० च्या गाडीबाबत दुसरे उत्तर अधिक सत्य होते. आजच्या गाडीबाबत पहिल्या उत्तराचे वजन वाढले आहे.

स्वतः स्पेन्सर किंग यांना हे स्थित्यंतर मान्य नव्हते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी अशा गाड्या शहरात, विशेषतः मुलांना शाळेत सोडण्यासाठी, वापरण्यावर उघडपणे टीका केली होती. आपण घडवलेल्या वस्तूचा वापर मिरवण्यासाठी होतो, याबद्दलची त्यांची नाराजी स्पष्ट होती. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या टीकेत तथ्य आहे. अडीच टनांचा भार एका प्रवाशासाठी हलवताना खर्च होणारे इंधन, व्यापली जाणारी जागा आणि अपघातात समोरच्या लहान वाहनाला असणारा धोका यांची किंमत केवळ खरेदीदार भरत नाही. ती समाजालाही भरावी लागते. मात्र या वापराची बीजे किंग यांच्याच रचनेत होती, हेही नाकारता येत नाही. त्यांनी गाडी रस्त्यावर इतकी सुखद केली नसती, तर ती शेतातून शहरात आलीच नसती.

निष्कर्ष

१) रेंज रोव्हरमधील सुखद चाल हे मुद्दाम योजलेले ऐश्वर्य नव्हते. खडतर मार्गावरील पकड वाढवण्यासाठी घेतलेल्या अभियांत्रिकी निर्णयांचे ते फलित होते.

२) सजावटीचे ऐश्वर्य त्यानंतर आले. त्यामागे ग्राहकांच्या अभिरुचीइतकेच ब्रिटिश लेलँडच्या काळातील भांडवलाच्या टंचाईचे कारण होते.

३) १९७० ते १९९६ या काळात क्षमता आणि सुखसोय एकाच यांत्रिक उपायातून साधली जात होती. २००२ नंतर हे दोन गुण रचनेत वेगळे झाले आणि त्यांना जोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे गेले. कामगिरी प्रचंड वाढली. त्याबरोबर वजन, गुंतागुंत आणि किंमतही वाढली.

४) टाटा मोटर्सच्या मालकीमुळे हा इतिहास पुण्याच्या औद्योगिक जीवनाशी जोडला गेला. येथे विकसित होणाऱ्या गाड्यांसाठी या परंपरेतील कोणता भाग स्वीकारावा, हा निर्णय अभियंत्यांपुढे आहे.

या संदर्भात १९७० च्या रचनेचे मोल केवळ ऐतिहासिक राहत नाही. कमी साधने, हलके वजन आणि प्रत्येक भागाकडून दुहेरी काम करून घेण्याची दृष्टी हा तिचा गाभा होता. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या युगात बॅटरीच्या भारामुळे वजनाचा प्रश्न पुन्हा तीव्र होत असताना ही दृष्टी पुढील पिढीच्या अभियंत्यांना आजही मार्गदर्शक ठरू शकते.